माझ्या वाट्याचं आमेन

सोमवार, २ सप्टेंबर

आज पुन्हा ओरडले! म्हणजे मला वाटलं मी नुसतं म्हणाले – "पुढचे" – आणि बाकावर गाल धरून बसलेले गृहस्थ दचकून उभेच राहिले. आतून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अहो, दातदुखीनं आधीच अर्धे मेलेले असतात, उरलेले तुम्ही कशाला मारता?" सगळे हसले. मीही हसले.

पण आवाज लहान करायचा कसा? जन्मभर ज्या माणसाशी बोलले, त्याला याहून हळू ऐकूच यायचं नाही. पपांना जाऊन महिना होत आला, माझा घसा मात्र अजून त्यांच्याच कानाच्या मापाचा आहे. संध्याकाळी दार उघडलं आणि सवयीनं "आले हो!" म्हणून हाक दिली. जिन्यात घुमली नुसती. मग चपला काढल्या, दिवा लावला, चहा ठेवला.

मंगळवार, ३ सप्टेंबर

स्वयंपाक पुन्हा दोघांचा झाला. उद्या डब्यात नेईन.

शुक्रवार, ६ सप्टेंबर

दादाचा फोन. मालकांनी त्याला गाठलंय – घराचा करार या महिन्याअखेर संपतो, पुढे ठेवायचंय की सोडायचंय ते सांगा. दादा म्हणाला, सोड. आमच्याकडे ये. वहिनीनं मागची खोली रिकामी करून ठेवली आहे, खिडकीला पडदेसुद्धा लावलेत. दातांचे दवाखाने काय, इथंही आहेत.

मी म्हटलं, बघते. तर म्हणाला, "बघतेस काय? तुझं तिथं आता आहे कोण?"

टोचून नाही बोलला. दादा तसा नाहीच. अगदी काळजीनं विचारलं, म्हणून जास्त लागलं. दादाला वाटलं फोन बंद पडला. हॅलो, हॅलो करत राहिला.

खरंच, कोण आहे? आई मी लहान असतानाच गेली. लग्न झालं नाही – होता होता राहिलं, मग राहूनच गेलं. मैत्रिणी आपापल्या संसारात. होते ते पपा. महिनाअखेरीपर्यंत सांगायचंय.

रविवार, ८ सप्टेंबर

चर्चला गेले. जायचं नव्हतं, पण पाळकसाहेबांनी दोनदा विचारणा केली होती.

पपा गाण्यात कायम मागे असायचे. पेटी ऐकू यायची नाही, मग शेजारच्याच्या तोंडाकडे बघून गायचे – अर्धी ओळ उशिरा, आणि सगळ्यांच्या वर. नवीन माणसं वळून बघायची. लहानपणी मी पुस्तकात डोकं खुपसून बसायची. पण मंडळीनं हळूहळू त्यांच्यासाठी रीतच पाडली होती. ओळ संपली की सगळे थांबायचे, पपा मागून पाय ओढत यायचे, पोचायचे, मग पुढची ओळ. कुणी ठरवलं नव्हतं. पेटीवाल्या बाईंनी फक्त हात उचलून धरायला सुरुवात केली एवढंच.

आज पहिली ओळ संपली. बाईंनी हात उचलला. सगळे थांबले.

कुणी आलंच नाही मागून! आणि तरीही सगळे पपांना लागायचा तेवढा वेळ थांबून राहिले. मग पुढची ओळ. मग परत थांबले. चारही कडवी अशीच गायली. मी काही गाऊ शकले नाही. सरळ घरी आले आणि पातेली घासत बसले. घासलेलीच होती.

बुधवार, ११ सप्टेंबर

संध्याकाळची वेळ वाईट. दिवेलागणीला घर खायला उठतं.

ती त्यांच्या प्रार्थनेची वेळ. हे कुठं तरी लिहून ठेवायलाच हवं, नाही तर पुढे माझं मलाच खरं वाटायचं नाही.

पपा तोफखान्यात होते. एक कान तोफेनं पूर्ण नेला, दुसरा अर्धामुर्धा ठेवला. फौज सुटल्यावर शाळेत शिपाई म्हणून लागले आणि म्हातारे होईपर्यंत तिथंच राहिले. नंतर नंतर शाळेनं त्यांना कानात घालायचं मशीन घेऊन दिलं. दिवसभर घालायचे. संध्याकाळी मात्र जेवणाआधी ते काढून ताटाशेजारी ठेवायचे. म्हणायचे, "त्याच्याशी बोलायला बॅटरी लागत नाही." आणि डोळे मिटून सुरू करायचे.

त्यांना वाटायचं आपण मनातल्या मनात पुटपुटतोय. प्रत्यक्षात गल्लीच्या टोकाला ऐकू जायचं! आमचा पहिला मजला, गल्ली हातभर, खिडक्या सगळ्यांच्या उघड्या. "प्रभू, खालच्या इस्त्रीवाल्यांचा गुडघा धरलाय, दिवसभर उभे असतात बिचारे. प्रभू, समोरच्या टेलरीणबाईंच्या खिडकीतून पाणी येतंय, मशीनवर गळतं. प्रभू, आमच्या मोठ्या बाईंचा राग जरा कमी कर, पोरं घाबरतात." मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका. एकदा त्या नेमक्या खालून चालल्या होत्या. वर बघितलं म्हणे, आणि मुकाट्यानं निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी इस्त्रीवाल्यांच्या टेबलावर मलमाची बाटली. कुणी ठेवली, पत्ता नाही. आठवड्याच्या आत टेलरीणबाईंच्या खिडकीला कुणी तरी पत्रा ठोकून गेलं. पपा मला कोपरानं ढोसायचे – "बघ, ऐकतो तो."

मी म्हणायची, "तो कसला ऐकतो, सगळी गल्ली ऐकते!"

"असं?" म्हणायचे. "फार मोठा होतो का गं आवाज?" आणि वाढायला ताट पुढे करायचे.

शेवटी कायम माझा नंबर. "माझ्या लेकीला चांगली सोबत दे." रोज! दुसऱ्या दिवशी इस्त्रीवाले कपडे देताना विचारायचे, "काय ताई, मिळाली का सोबत?" मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पपांवर चिडायची, अबोला धरायची. ज्याला ऐकू येत नाही त्याच्याशी अबोला धरून काय उपयोग, त्यांना कळायचंही नाही.

माझं काम फक्त आमेन. तेही त्यांच्या चांगल्या कानाशी वाकून, मोठ्यानं – म्हणजे त्यांना कळावं की संपलं, आता जेवायचं.

गेला महिनाभर जेवते ते ओट्याशी उभ्यानं. टेबलाशी बसलं की तोंडात आमेन तयार असतं आणि त्याच्या आधीचं काहीच नसतं.

गुरुवार, १२ सप्टेंबर

इस्त्रीवाल्यांना झालंय काय? नेहमी गठ्ठा एकदम देतात. आता एकेक कपडा आणतात. काल एक ब्लाऊज, आज एक ओढणी. तेही मी ताट वाढून घेतलं की बरोब्बर दारात! गुडघा दुखतो म्हणतात आणि जिना चढून येतात. मग उंबऱ्यात उभे राहून हवापाण्याच्या गप्पा. घास गार होतो. शेवटी मी म्हटलं, जेवायचंय मला. तर म्हणाले, "जेवा की ताई, मी आहे इथंच." ही काय बोलायची तऱ्हा झाली?

रविवार, १५ सप्टेंबर

चर्चला गेले नाही. त्यांचं ते थांबणं मला सोसवत नाही.

गुरुवार, १९ सप्टेंबर

शाळेत जाऊन आले. पपांच्या खोलीतलं सामान न्यायला बोलावलं होतं. खोली कसली, जिन्याखालचा कोनाडा. एक स्टूल, एक कान तुटलेला कप, भिंतीवर क्रूस, आणि एक पत्र्याचा डबा – बटणांनी भरलेला. सगळ्या आकारांची, सगळ्या रंगांची बटणं. मोठ्या बाई म्हणाल्या, मधल्या सुट्टीत या दाराशी रांग लागायची. कुणाचं बटण तुटलं, कुणाची शिवण उसवली, चला तोफमामांकडे. मुलांनी ठेवलेलं नाव ते – तोफमामा. फौजेत शिकले होते सुईदोरा. असं घट्ट बटण लावायचे की शर्ट विरायचा पण बटण हलायचं नाही. माझ्या वेण्याही तशाच घालायचे. भुवया वर ओढल्या जायच्या, दिवसभर मी आश्चर्य वाटल्यासारखी दिसायची. आई गेल्यावर शेजारच्या बायका म्हणाल्या होत्या, आम्ही घालत जाऊ वेणी. पपा म्हणाले, मला शिकवा. आणि शिकले.

घंटेचं मोठ्या बाईंनी सांगितलं ते मला ठाऊक होतं, तरी ऐकून घेतलं. स्वतःची घंटा त्यांना ऐकू यायची नाही. म्हणून पितळेला एक हात लावून ठेवायचे, हाताला थरथर लागली की वाजली. पण भरवसा नको म्हणून आणखी बडवायचे. मग आणखी! मोठ्या बाई कार्यालयातून हातवारे करायच्या – पुरे! ते सलाम ठोकायचे. त्यांना वाटायचं, छान म्हणतायत.

आता विजेची घंटा आहे. बटण दाबलं की झालं. बोलता बोलता वाजली – एकदाच, मोजून मापून. मोठ्या बाई मध्येच थांबल्या. म्हणाल्या, "कोरडी वाटते हो."

मग म्हणाल्या, अधूनमधून येत जा, संध्याकाळी मी एकटीच असते इथं, चहा घेऊ. सांत्वनाला माणसं असंच बोलतात. मी बरं म्हटलं. येताना डबा पिशवीत खुळखुळत होता आणि रस्त्यात लोक बघत होते.

शनिवार, २१ सप्टेंबर

आज टेलरीणबाई. जेवायच्याच वेळेला! सुई आणि दोरा घेऊन. "चष्मा सापडत नाही बाई, एवढं ओवून दे." मी ओवून दिलं. मग बसल्याच. माझं जेवण आटपेपर्यंत हलल्या नाहीत. खोलीभर नजर फिरवत होत्या – हे कपाट नेणार का? हवा छान येते नाही तुझ्याकडे? दादा केव्हा येणार म्हणाला? त्यांना दादाचं कुणी सांगितलं? फोनवर मी बोलते तेच सगळ्या गल्लीला ऐकू जात असणार, दुसरं काय.

आणि त्या गेल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाईंच्या धाकट्या मुलाचं लग्न ठरलंय. एका खोलीत कुठं मावणार? घर हवंय त्यांना! समोरच्या समोर, हवेशीर. इस्त्रीवाले त्यांच्यात सामील. एकेक कपडा आणून बघतात, बांधाबांध कुठवर आली.

राग आला, आणि रागापेक्षा दुसरंच काही तरी. चष्मा त्यांच्या गळ्यात दोरीला लटकत होता. मी बघितला होता.

रविवार, २२ सप्टेंबर

संध्याकाळी टेबलाशी बसून बघितलं. डोळे मिटले. "प्रभू" एवढं म्हटलं. पुढे काही येईना. काय मागायचं? ज्यांच्यासाठी पपांना रोज मागताना ऐकलं ती माणसं माझ्या घराचं माप घेतायत.

पपांच्या प्रार्थनेत एक तुकडा रोज असायचा, तो मी बाकीच्यांना कधी सांगितला नाही, जरी गल्लीनं ऐकलाच असेल. लढाईबद्दल ते अवाक्षर काढायचे नाहीत. दादानं लहानपणी विचारलं होतं, किती शत्रू मारले? पपा उठून खाली गल्लीत गेले आणि बराच वेळ वर आले नाहीत. पण प्रार्थनेत, सगळ्यात आधी, गुडघ्याच्या आणि खिडक्यांच्याही आधी – "प्रभू, पलीकडच्या तोफेवरची माणसं. त्यांची नावं मला माहीत नाहीत, तुला आहेत. त्यांच्या घरच्यांना सांभाळ." हा तुकडा म्हणताना आवाज खाली यायचा. खरोखर खाली. तेवढाच.

हे आत्ता लिहिताना लक्षात आलं. त्यात काय आहे ते कळत नाही. झोप येत नाही म्हणून लिहितेय इतकंच.

मला त्यांच्यासारखं मागता येत नाही. मला तेच हवेत. फक्त तेच. असं मागितलं तर तो देणार आहे थोडाच.

बुधवार, २५ सप्टेंबर

दादाला हो म्हटलं.

फोन ठेवला आणि जीव भांड्यात पडेल असं वाटलं होतं. नाही पडला. दवाखान्यात सांगितलं तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता पेशंटना उठवणार कोण? चांगल्या आहेत.

पपांची पेटी भरली. फौजेचा कोट, जाडजूड बायबल, दाढीचं सामान. कानाचं मशीन हातात घेतलं तर चालू होतं की काय कोण जाणे, शीळ घातली त्यानं! मी एवढी दचकले की खाली बसले आणि रडले. पपा गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं रडले. गल्लीला ऐकू गेलं असेल. जाऊ दे.

थोड्या वेळानं दार वाजलं. मी उघडलं नाही. बाहेर बराच वेळ कुणी तरी उभं होतं. पायरीवर बसल्याचाही आवाज आला. मग गेले.

शनिवार, २८ सप्टेंबर

भांडले! भर जिन्यात.

टेलरीणबाई परत जेवायच्या वेळेला, आज कात्रीला धार आहे का म्हणून विचारायला. टेलरीण मला कात्री मागते! माझा तोल गेला. म्हटलं, "घर हवंय ना तुम्हाला? मग सरळ सांगा की. मी चाललेय सोमवारी. मालकांना विचारा, किल्ली घ्या. पण रोज उठून माझं ताट कशाला बघायला येता? इस्त्रीवाल्यांनाही सांगा, झाली म्हणावं बांधाबांध!"

माझा आवाज! वरखाली सगळी दारं उघडली. इस्त्रीवाले खाली इस्त्री तशीच धरून उभे, कापड जळल्याचा वास यायला लागला.

बाई खाली मान घालून एकेक पायरी उतरल्या. मग खालून एवढंच म्हणाल्या, "पोराला तर केव्हाच जागा मिळाली गं, त्याच्या सासरजवळ."

मी दार लावून घेतलं. जेवले नाही. मग या बाई येतात कशाला?

रविवार, २९ सप्टेंबर

आत्ताच दादाला कळवलं – येत नाही.

संध्याकाळी टेलरीणबाई आल्या. या वेळी ना सुई ना कात्री. स्वतःचं वाढलेलं ताट घेऊन आल्या आणि माझ्यासमोर बसल्या. म्हणाल्या, कालच सांगायला हवं होतं, पण सांगू नका म्हणाले होते ना तुझे पपा.

पपा जायच्या थोडं आधी पालिकेवाले गल्ली खणत होते, ते दिवस. यंत्रांच्या धडधडीत प्रार्थनेतलं एक अक्षर कुणाला कळलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पपा कानात मशीन घालून टेलरीणबाईंच्या दारात. "बाई, काल माझ्या लेकीचं मागितलं. माझ्यामागे तिला एकटीला जेवायला लागू नये म्हणून. ऐकू आलं का?"

बाई म्हणाल्या, "मी म्हटलं, अहो मला काय विचारता? देवाला ऐकू गेलं की झालं."

तर पपा म्हणाले, "त्याला गेलंय हो. तुम्हाला गेलं का, ते विचारतोय."